मदत हवी: मेडिसिनचं पहिलं पोस्टिंग, वॉर्डातल्या तीन तासांत नेमकं काय करू?

पावसाळी_छत्री
एमबीबीएस करतेय, सोमवारपासून मेडिसिनचं पोस्टिंग (वॉर्डात पेशंट बघून शिकायची पाळी) आहे. चार आठवडे, रोज सकाळी तीन तास. पुस्तक वाचून झालंय, पण एका खाटेभोवती दहा-बारा जण उभे असताना मागच्या रांगेतलीने काय शिकायचं? रोज किती केस बघू? घरी आम्ही मराठी बोलतो; कोंकणी समजते, पण बोलताना अडखळते. हिस्ट्री कशी घेऊ? शिवाय लॉगबुकच्या (बघितलेल्या केसेसची नोंदवही) सह्यांचं काय? गोव्यातल्या सीनियर्सनी सांगावं.

तिसरा_ठोका
रोज नवा पेशंट एकच. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वीस होतात, तेवढे नीट झाले तर खूप झाले.

क्लिनिकच्या पाऊण तास आधी वॉर्डात पोच. सिस्टरांची ड्युटी बदलत असेल तर मध्ये घुसू नकोस. ते आटोपलं की विचार, "सिस्टर, बोलायला त्रास होणार नाही असा कोण आहे?" या एका प्रश्नाने तुझी निम्मी वणवण वाचते.

फाइल आधी उघडायची नाही. वर निदान दिसलं की तू त्या निदानाला साजेसेच प्रश्न विचारतेस आणि बाकीचं गळतं. आधी हिस्ट्री आणि तपासणी, मग स्वतःच्या दोन-तीन शक्यता वहीत लिही, त्यानंतर फाइल. जिथे जुळलं नाही तेवढंच जेआरला (ज्युनियर रेसिडेंट डॉक्टरला) विचार. "सर, काहीतरी शिकवा ना" म्हटलं तर कोणाला वेळ नसतो. "मला प्लीहा लागली नाही, फाइलमध्ये दोन सेंटिमीटर लिहिलीय" म्हटलं तर तोच जेआर तुझा हात धरून दाखवतो.

आणि कालच्या पेशंटकडे आज परत जा, हे बहुतेक जण करत नाहीत. पावसाळ्यात वॉर्डात डेंग्यू असतोच. ताप उतरला की विद्यार्थ्यांचा रस संपतो, पण आजाराचा धोक्याचा टप्पा तिथेच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो, म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वीस टक्क्यांनी चढतं, आणि वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर वीसपर्यंत आलं तर ती शॉकची खूण. नुसते प्लेटलेट मोजत बसणाऱ्याला हे दिसत नाही. तापाचा तक्ता, लघवीचं माप, बीपी हे तिन्ही रोज स्वतः उतरवून घे.

कुळागर
भाषेबद्दल. व्याकरण चुकलं तरी पेशंट सांभाळून घेतात, घोटाळा होतो तो शब्दांचा. "जोर आयला" म्हणजे ताप आला. केवळ मराठी जाणणारे 'जोर ना' ऐकून अशक्तपणा लिहून मोकळे होतात, पेशंट मात्र ताप नाही म्हणत असतो. "खंय दुखता तें एका बोटान दाखयात" हे वाक्य पाठ कर. एका बोटाने जागा दाखवणारा आणि अख्खा तळवा छातीवर फिरवणारा, इथेच निदानाचे फाटे फुटतात. बाकी सावंतवाडी-दोडामार्गचे पेशंटही खूप असतात, तिथे तुझी मराठी चालेल.

"किती दिवसांपासून?" याला उत्तर येतं "जायते दीस", म्हणजे बरेच दिवस. ते लिहून काय उपयोग? चवथीआधी (गणेश चतुर्थी) की नंतर? गावच्या फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) चालत गेला होता का? अशा खुंट्या दे, तारीख आपोआप निघते.

सोऱ्याची, म्हणजे दारूची, हिस्ट्री तर हमखास कच्ची राहते. "घेता का?" म्हटलं की "केन्ना केन्ना", म्हणजे कधीतरी. त्याऐवजी काय, कुठल्या मापाने, दिवसाचा पहिला ग्लास कधी, असं शांतपणे विचार. मार्च ते मे उर्राकाचा (काजूच्या रसाची पहिल्या धारेची, फेणीहून सौम्य दारू) हंगाम. कित्येक जण उर्राक दारूत धरतच नाहीत, त्यामुळे ती वेगळी विचार. फेणीत अल्कोहोल सुमारे ४२ टक्के, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. वहीत 'ऑकेजनल' नको, ग्रॅम आणि वर्षं लिही. शेवटचा घोट कधी घेतला हेही लिही, कारण विड्रॉवल (दारू अचानक सुटल्याचा त्रास) पहिल्या दोन-तीन दिवसांतच उफाळतो.

तापाच्या पेशंटला गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेताच्या चिखलात उतरला होता का, हे विचारल्याशिवाय उठू नको. लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) डोळे लाल होतात, पण चिपडं नसतात, आणि पोटऱ्या दाबल्या की पेशंट कळवळतो. स्क्रब टायफसचा (बारीक किडा चावून येणारा ताप) काळा खपल्याचा डाग काखेत, जांघेत, स्तनाखाली लपतो. आडोसा करून, विचारून बघ.

मोजपट्टी
रोज एक पेशंट, हे हिस्ट्रीपुरतं ठीक. हात बसायचा असेल तर एकच तपासणी दहा जणांवर हवी, आणि त्यातले पाच धडधाकट वर्गमित्र. नॉर्मल काय ते बोटांना कळलं नसेल तर बिघडलेलं कळणार कसं?

बीपीपासून सुरुवात कर. पाच मिनिटं बसवून ठेव, दंड हृदयाच्या पातळीला, कफची खालची कड कोपराच्या खळीच्या दोन-अडीच सेंटिमीटर वर. आधी नाडीवर बोट ठेवून फुगव, नाडी गेली की वर आणखी ३०. ही पायरी गाळली तर मधल्या मुक्या पट्ट्यात (तिथे ठोके थोडा वेळ ऐकूच येत नाहीत) फसून वरचं बीपी कमी लिहिशील. हवा सेकंदाला २ मिमीने सोड. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटा चढतो. आणि प्रत्येकाचं १२०/८० लिहू नकोस, सर लगेच ओळखतात.

पावसाळी_छत्री
खूप आभार सगळ्यांचे! मोजपट्टी, लिव्हर मला कधी लागतच नाही. काय चुकत असेल?

मोजपट्टी
बहुधा तू बरगडीपाशीच सुरुवात करतेस. मोठं लिव्हर असेल तर हात आधीपासून त्याच्यावरच असतो, कड सापडणार कुठून? पेशंटचे गुडघे दुमडून घे, उजव्या जांघेच्या वरून सुरू कर, प्रत्येक श्वासाबरोबर दोन सेंटिमीटर वर सरक. श्वास आत घेताना हात दाबायचा नाही, स्थिर ठेवायचा. कड स्वतः खाली येऊन बोटाला टेकते. एसीने गारठलेले हात आधी चोळून घे, नाहीतर पोट आवळलंच. कड लागली तरी वरची सीमा ठोकून काढ. दम्याच्या जुनाट पेशंटमध्ये फुगलेलं फुफ्फुस लिव्हर खाली ढकलतं आणि ते मोठं असल्याचा भास होतो. उजव्या गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर (मिडक्लॅव्हिक्युलर) उंची १२ सेंटिमीटरपर्यंत असेल तर वाढलेलं म्हणू नकोस.

तिसरा_ठोका
लॉगबुक राहिलं. सही त्याच दिवशी घे. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची झुंबड उडते, तोवर सरांना तुझी केस आठवतही नसते. हजेरी प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, थिअरीला ७५.

लाल_पिशवी
कोणी सांगितलं नाही म्हणून: हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १, ६ महिने) झालेत का? झाले असतील तर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं माप) कर, १० च्या वर हवा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. टोचलीच तर पिळू नको, साबण-पाण्याने धू आणि लगेच कॅज्युअल्टी गाठ. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. वहीत पेशंटचं नाव नको, वय आणि खाट नंबर पुरे. एक्स-रेचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा मोह होतो, त्यावर नाव छापलेलं असतं.

पावसाळी_छत्री
दोनच डोस झालेत. तिसरा उद्याच घेते.