शब्दचर्चा : तेलविहिरीची ‘दाबचाचणी’ म्हणावं का?

राजारामपुरी : एका तांत्रिक लेखाचा अनुवाद करतोय. ‘वेल टेस्टिंग’ला ‘विहिरीची दाबचाचणी’ आणि ‘रिझर्व्हॉयर’ला ‘जलाशय’ लिहिलंय. चालेल का?

उद्यमनगर : दाबचाचणी म्हटलं की आमच्याकडं पंपाचं नाहीतर व्हॉल्व्हचं कास्टिंग. तोंडं बंद करायची, पाणी भरून दाब चढवायचा, कुठं पाझरतंय का बघायचं. पास की नापास, विषय संपला. विहीर गळते का बघतात व्हय तिथं?

शाहूपुरी : गळती बघायची चाचणी वेगळी. इथं बाहेरून दाब चढवत नाहीत, आतला मोजतात. विहीर ठरावीक दरानं वाहती ठेवली की तळाचा दाब उतरत जातो. मग ती बंद करतात आणि तळाशी सोडलेला दाबमापक दाब परत कसा चढतो ते नोंदवत राहतो. खरी माहिती या चढण्यात आहे. हॉर्नरनं १९५१ मध्ये दाखवलेल्या पद्धतीत वाहता काळ अधिक बंद काळ, भागिले बंद काळ, हे गुणोत्तर लॉग पट्टीवर (जिथं दर टप्पा दसपटीचा) आडवं घेतात आणि त्या त्या वेळचा दाब उभा मांडतात. बिंदू एका सरळ रेषेत येतात. रेषेच्या उतारावरून खडकाची पार्यता, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो ते, काढता येते. रेषा पुढं वाढवली की साठ्याचा दाब. बराच वेळ थांबलं आणि रेषेनं मध्येच उतार बदलला, तर जवळपास एखादा प्रस्तरभंग, म्हणजे खडकाचे थर तुटून सरकलेली जागा, आडवा असू शकतो.

‘जलाशय’ मात्र काढाच. वाचकाला राधानगरीचं धरण दिसेल. मुंबई हायचं तेल चुनखडकाच्या बारीक छिद्रांत आहे, तळ्यात नाही. ‘तेलसाठा’ पुरे.

कसबा बावडा : मोटर बंद केल्यावर विहिरीत पाणी किती वेळात चढतं, हेच की हे! पाण्यावाले ‘उपसा चाचणी’ म्हणतात, तोच शब्द घ्या.

शाहूपुरी : दादा, नातं जवळचं आहे. थाईसनं १९३५ मध्ये भूजलासाठी मांडलेलं गणित याच घराण्यातलं. पण तुम्ही पातळी मोजता, हे दाब मोजतात; शिवाय नवी तेलविहीर पुष्कळदा स्वतःच्या दाबानंच वाहते, उपसायचं काय? माझं मत : चाचणीला ‘विहीरचाचणी’, तिच्या दोन भागांना ‘दाबउतार’ आणि ‘दाबचढ’. दाब परत चढण्याला ‘पुनर्भरण’ नको, बाहेरून काही भरत नाही.

राजारामपुरी : घेतले. ‘स्किन’ला ‘त्वचा’ लिहू?

उद्यमनगर : तेलाला कातडं कुठलं आलं!

शाहूपुरी : ड्रिलिंगच्या चिखलानं विहिरीलगतची छिद्रं बुजतात, प्रवाहाला जादा अडथळा होतो, त्याचा तो आकडा.

कसबा बावडा : मग ‘खपली’ म्हणा की.

शाहूपुरी : बुजलेल्या विहिरीला शोभेल. पण चुनखडकात आम्ल सोडून वाटा मोकळ्या केल्या की हाच आकडा शून्याखाली जातो, आणि उणे खपली कुणाला कळणार? ‘स्किन’च ठेवा, पहिल्या वेळी अर्थ एका ओळीत द्या.