परार्धाच्या पुढच्या संख्येला नाव कसं देतात?

खानापूरकर:
भाचा बेळगावात आठवीला आहे, मराठी शाळेत, त्यांच्या वर्गात सगळ्यात मोठी संख्या कोण सांगतोय अशी चढाओढ लागलीय. ह्यानं लीलावतीतला परार्ध सांगितला, एकावर 17 शून्यं, तर दुसऱ्यानं गूगोल काढला, 100 शून्यं. आता मामाच्या मागं लागलाय त्याच्यावरचं दे म्हणून. नुसतं नाव ठेवलं तर चालतंय काय? आणि 'तुझ्यापेक्षा एक जास्त' हे धरायचं काय?

निपाणीचा मास्तर:
नाव कुणीबी ठेवतंय बघा, गूगोल हे नाव तर गणिती एडवर्ड कॅसनर यांच्या लहान भाच्यानंच ठेवलेलं. खरं काम व्याख्येचं, वाचणाऱ्याला त्यातनं एकच संख्या मिळाली पाहिजे. 'एक जास्त' चुकीचं नाही हो, पण त्यात नवीन रीत नाही, आणि ह्या खेळाचा जीव रीतीतच आहे. अनंत म्हणाला तर बाद करा, मोजून कधीतरी संपणारी संख्या पाहिजे.
त्याला नूथचे बाण शिकवा, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांची 1976 ची, मोठमोठे घात थोडक्यात लिहायची खूण. 3↑3 म्हणजे 3 चा घन, 27. 3↑↑3 म्हणजे 3 चा 27 वा घात, 7625597484987, सात लाख बासष्ट हजार कोटींच्या वर, अजून वहीत बसतंय. 3↑↑↑3 मध्ये मात्र घातावर घात असा तिनांचा मनोरा आणि त्याची उंची हीच वरची संख्या, गूगोल तिथं कुठल्या कुठं राहतोय. चार बाण लावले की ग्रॅहमच्या संख्येची (गणिती ग्रॅहम यांच्या नावाची प्रसिद्ध प्रचंड संख्या) पहिली पायरी, दुसऱ्या पायरीत बाणच पहिलीइतके, असं 64 पायऱ्यांपर्यंत.

टिळकवाडी:
मास्तर छान सांगितलात. ह्याच्याही पुढं गणिती राडो यांचं 1962 चं बिझी बीव्हर आहे, ठराविक अवस्थांचं ट्युरिंग यंत्र (पट्टीवर ठरल्या नियमानं चालणारा कल्पनेतला साधा संगणक) थांबायच्या आधी जास्तीत जास्त किती पावलं चालेल ते. 5 अवस्थांना 47176870, हे पक्कं सिद्ध झालं 2024 ला! प्रोग्रॅमनं काढता येणाऱ्या कुठल्याही फलनाला हे शेवटी मागं टाकतंय, बाण काय नि काय.

खानापूरकर:
सर, ग्रॅहमची संख्या लिहिता येत नाही तर ती एकच आहे हे पोराला कसं पटवू?

निपाणीचा मास्तर:
शेवटचा अंक काढायला लावा की. 3 च्या घातांचे शेवटचे अंक 3, 9, 7, 1 असे फिरतात. इथं घातांक म्हणजे 3 चाच विषम घात, त्याला 4 नं भागलं की बाकी 3, म्हणजे तिसरा अंक, 7. आठवीच्या पोराला येतंय हे.