जुनिपरपेक्षा गडग्यातला वड बरा

गोव्यात बोन्साय, म्हणजे उथळ ट्रेमध्ये खुजं ठेवलेलं झाड, करायचं तर सुरुवात जुनिपर या सूचिपर्णी झाडाने करा, असं या चर्चेत कोणीतरी सुचवलंय, ते मला पटत नाही. फोटोत तो देखणा दिसतो, पण त्याला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, आणि गोव्यात जानेवारीतही दुपारी पंखा लागतो. शिवाय मेल्यावरही तो काही आठवडे हिरवाच दिसतो. नवख्याला पत्ताच लागत नाही. त्यापेक्षा पावसाच्या तोंडावर चिऱ्याचे जुने गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती), विहिरीचे कठडे बघत फिरा. वड, पिंपळ, उंबर फुकट उगवलेले असतात, आणि मालक ते उपटणारच असतो. पहिल्या झाडासाठी वड घ्या, चुका पोटात घालतो.

मातीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. इथे वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तांबडी माती आणि शेणखत उथळ ट्रेमध्ये भरलं की जुलैत त्याचा चिखल होतो नि मुळं कुजतात. मी निम्म्याहून जास्त विटेचे वाटाण्याएवढे तुकडे घालतो, चाळून, भुकटी पूर्ण टाकून देऊन. ट्रे पागोळ्यांखाली ठेवू नका.

फांदीला आकार द्यायला मे महिन्यात तार बांधली असेल तर पावसात दर आठवड्याला बघा. फांदी झपाट्याने जाड होते आणि तार सालीत रुतते, तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. काढताना उलटी सोडवत बसू नका, फांदी मोडेल. कटरने तारेचे तुकडे करून काढा.