मदत हवी: लेक रे रॉबर्ट्सला (टेक्सास) किनाऱ्यावरून क्रॅपी मासा, जिग (वजनदार डोक्याचा हूक) कोणतं आणि किती खोल?

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या उत्तरेला राहतो. मूळ मालवणचा, त्यामुळे गरवायची आवड आहेच, पण तळ्यातली क्रॅपी माझ्यासाठी नवीन आहे. बोट नाही, आइल डु बॉइस पार्कात काठावरून बसतो. (टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून गरवायला लायसन लागत नाही, नवीन आलेल्यांनी लक्षात ठेवा.)

आत्ता मार्चमध्ये पाणी ५७-५८ अंश फॅरनहाइट, वारा सुटला की गढूळ. १/८ औंसचं जिग, त्याला दोन इंची पांढरं मऊ प्लास्टिकचं आमिष, १० पौंडाची दोरी. बुडालेल्या झाडांजवळ टाकून गुंडाळत आणतो, तर फांदीत तरी अडकतं नाहीतर काहीच लागत नाही. शेजारी बसणारे एक आजोबा जिवंत मिनो (छोटे मासे) लावतात, त्यांना मिळतात. मला मात्र जिगवरच शिकायचंय. वजन कमी करू का? रंग कुठला? आणि लागलेला मासाही काठाशी येऊन सुटतो, तो का?

प्रतिसाद १

१/८ जड आहे, १/१६ घ्या. क्रॅपी वर बघून खाते, खाली वाकून नाही. जिग तिच्या खाली गेलं की संपलं, आणि जड जिग लगेच खाली जातं. गुंडाळत आणू नका. सरकता फ्लोट (दोरीवर वर-खाली करता येणारा तरंगता बोंडा) लावा, जिग झाडाच्या अगदी लगत लटकवा आणि थांबा. आधी ३ फूट, मग एकेक फूट खोल.

दोरीची गाठ जिगच्या कडीच्या वरच्या बाजूला सरकवा, म्हणजे ते पाण्यात आडवं राहतं. उभं लटकलं तर मासा ढुंकून बघत नाही. प्रत्येक माशानंतर गाठ हलते, परत नीट करायची.

फ्लोट बुडायचीच वाट बघू नका. आमिष तोंडात धरून क्रॅपी वर आली की फ्लोटवरचा भार जातो आणि तो आडवा पडतो. तोच चावा. तिच्या तोंडाची कातडी फार पातळ, झटका दिला की फाटते. मनगट हळूच उचला, दोरी सैल सोडू नका, काठाशी आली की जाळ्यात घ्या.

गढूळ पाण्यात काळा-पोपटी, निवळात पांढरा किंवा राखाडी. पण आधी खोली, मग रंग. दोरी ६ पौंडाची करा.

प्रतिसाद २

दोरीबद्दल असहमत. झाडांत १० पौंडच ठेवा, फक्त हूक बारीक तारेचा घ्या. अडकला तर ओढल्यावर सरळ होऊन सुटतो, जिग वाचतं.

पाणी ६० च्या पुढे गेलं की क्रॅपी अंडी घालायला उथळात येतात, नर काळपट दिसू लागतात. तेव्हा तळ्याचं पाणी जमिनीत आत शिरतं त्या टोकाला गवताशी बसा, फ्लोट २ फुटांवर. १० इंचांखालची सोडायची आणि दिवसाला २५ च्या वर ठेवायच्या नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! शनिवारी गवताकडे जाऊन बघतो. काळा-पोपटी भर दुपारच्या उन्हातही चालतो, की तेव्हा दुसरा लावू?