शरदातलं लहान मूल: दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांच्या घरांतले अनुभव

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला की सकाळचं ऊन एकदम पिवळं होतं. चार महिने घरात कोंडलेली पोरं दाराशी येऊन उभी राहतात. माझी लेक पावणेतीन वर्षांची आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत मी तिच्यासाठी ठोकळे, रंगीत कागद, चिकटवायची चित्रं असं बरंच काही आणून ठेवलं होतं. तिने सगळा महिना काढला कुंडीतल्या मातीत आणि आजीच्या सुपाशेजारी. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की आश्विन-कार्तिकात घरात आणि दारात खरीखुरी कामंच इतकी निघतात, की त्यातला चिमूटभर वाटा मुलाला दिला तरी ते रमतं. वेगळं काही आणावं लागत नाही. फक्त दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागणार हे मोठ्यांनी आधीच धरून चालायचं.

तुमच्या घरी या दिवसांत मुलं काय करतात, ते लिहा. आई, बाबा, आजी-आजोबा, कुणीही. मुलांची नावं नकोत, गाव आणि वय पुरे. जमलं ते लिहा, फसलं तेही लिहा. सुरुवात मी करते.

पुणे, मुलगी, पावणेतीन वर्षं

आमच्याकडे घट बसतात. देवघरासमोर पत्रावळीवर काळी माती, तिच्यात सात धान्यं, मधोमध पाण्याने भरलेला घट. २०२५ साली तिथी वाढल्यामुळे नवरात्र दहा दिवसांचं आलं होतं. दहा दिवस 'हात लावू नको' म्हणत बसले असते तर घरात दुसरं काही झालंच नसतं. सासूबाईंनी तोड काढली. "हिचा वेगळा घट बसवू," म्हणाल्या. करवंटीला खालून भोक पाडून माती भरली आणि गहू-मूग लेकीच्या मुठीत दिले. तिने सगळे एकाच जागी ओतले आणि वरून थापटून थापटून माती घट्ट केली. करवंटी गॅलरीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी मुगाने डोकं वर काढलं. मग रोजचा नेमच झाला. उठल्याबरोबर गॅलरीत धावायचं, एक अंकुर उपटायचा, मूळ बघायचं आणि परत मातीत खोचायचं. पहिल्या दिवशी मी ओरडले. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन बसले. अंकुर उजेडात धरून ती मुळाला चिकटलेले मातीचे कण एकेक करून बोटाने झाडत होती. जीभ बाहेर, श्वास रोखलेला. मी तिथून उठले नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या.

दसऱ्यापर्यंत तिच्या करवंटीत अकरा रोपं उरली होती. देवघरातलं धान्य चांगलं वीतभर वाढलेलं, पण पिवळं, कारण त्या कोपऱ्यात उजेड पोचत नाही आणि उजेडाशिवाय पानाला हिरवा रंग चढत नाही. तिची रोपं बुटकी आणि हिरवीगार. "आजीचं पिवळं, माझं हिरवं," हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं. दसऱ्याला तिच्या त्या अकरांतलीच दोन रोपं आजोबांनी टोपीत खोवली.

फसलं ते असं, की पहिल्याच दिवशी तिने तांब्याभर पाणी ओतल्यामुळे निम्मे दाणे कुजले. मग तांब्या काढून घेतला आणि औषधाचं छोटं माप हातात दिलं.

साताऱ्याजवळचं गाव, मुलगा, दीड वर्ष (आता तीन)

ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, पण लंगोट वापरणाऱ्या आईला विचारा. माझ्या दोन्ही मुलांना मी जुन्या सुती लुगड्याचे लंगोट वापरले. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो, शेवटी तव्यावर पोळी भाजावी तसे इस्त्रीने भाजून घ्यावे लागतात. आश्विन लागला की दोरीवर टाकल्यापासून दोन तासांत पापडासारखे कडक होतात. म्हणून धाकट्याचे लंगोट सोडवायला मी हेच दिवस धरले. सकाळी अंगणात नुसत्या झबल्यावर ठेवायचं आणि तासा-दीड तासाने परसात नेऊन बसवायचं. झाली चूक तर मातीत झाली, फरशी पुसायची कटकट नाही. दिवसाचे लंगोट दिवाळीपर्यंत सुटले. रात्रीचे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालले आणि मी घाईही केली नाही.

आता त्याचा खेळ सांगते. आमच्या बांधावर तेरडा माजतो. फुलं संपत आली की हिरव्या, फुगीर, लवदार शेंगा धरतात. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फट्कन फुटते, साल आतल्या आत गुंडाळतं आणि बारीक तपकिरी दाणे चहूकडे उडतात. पहिल्यांदा शेंग त्याच्या हातात फुटली तेव्हा तो दचकून माझ्या पायाला बिलगला. मग स्वतःच बोट पुढे करून उभा राहिला. कच्ची शेंग फुटत नाही, टपोरी झालेलीच फुटते, हे त्याला मी शिकवलं नाही. तीन-चार दिवसांत तो हिरवट बारक्या शेंगा सोडून नेमक्या पिकलेल्या हेरायला लागला. दाणे तोंडात जाऊ नयेत म्हणून मी शेजारी उकिडवी बसलेली असायचे, एवढंच माझं काम.

डोंबिवली, मुलगी, दोन वर्षं

आमच्याकडे अंगण नाही, गॅलरी कपड्यांनी भरलेली आणि आम्ही दोघं नोकरीला. पण सोसायटीत एक प्राजक्त आहे. पाळणाघरात सोडायच्या आधी वीस मिनिटं आम्ही त्याच्याखाली असतो. मी पिशवी धरते, ती एकेक फूल उचलून टाकते. बोटांच्या चिमटीने नाजूक वस्तू उचलायची सवय मला दुसऱ्या कशाने इतकी चांगली लावता आली नसती. घरी गेल्यावर आजी फुलं देवाला वाहते. रविवारी आम्ही केशरी देठ खुडून वाळवतो. तळहातभर साठले की कोमट पाण्यात टाकायचे, पाणी पिवळं-केशरी होतं. तिचा जुना पांढरा रुमाल त्यात बुडवला. दोन धुण्यांत फिका पडला, पण तिला तोच लागतो.

कुडाळ तालुका, मुलगा, तीन वर्षं

मी मुंबईत असतो. गणपतीला सगळेच गावाला जातात, मी रजा राखून भातकापणीला जातो. तीन वर्षं झाली, मुलाला बरोबर नेतो. काही जण विचारतात, एवढ्या लहान पोराचं शेतात काय काम? कापणीच्या जागी त्याचं काहीच काम नाही, ते मी आधीच सांगतो. तिथे विळे चालू असतात आणि पेंढीखाली फुरसं, म्हणजे विषारी साप, निघू शकतं. तो बसतो खळ्यात, त्याच्या पणजीजवळ. भारे खळ्यात आले की त्याचा दिवस सुरू होतो. झोडणी झाल्यावर पेंढ्यात लोंबीचे चुकार दाणे राहतात, ते पणजी हाताने ओरबाडून काढते. तो तिच्यासमोर बसून तेच करतो. ती मूठ भरते तेवढ्यात त्याचे पाच दाणे होतात. ती त्याचे पाच दाणेही आपल्याच सुपात घेते, "माझ्या झिलान दिल्यान" (माझ्या लेकाने दिले) म्हणते आणि पाखडते. कोंडा उडताना बघायला तो सुपाच्या अगदी समोर उभा राहायचा. डोळ्यांत जाऊन दोनदा रडला, तेव्हापासून बाजूला उभा राहतो.

पहिल्या वर्षी माझी एक चूक झाली. पेंढ्याच्या ढिगात त्याला उघड्या अंगाने लोळू दिलं. संध्याकाळी पाठभर पुरळ आणि रात्रभर खाज. भाताची कुसं अंगाला टोचतात, हे मला लहानपणापासून माहीत, तरी विसरलो. आता लांब बाह्यांचा जुना सुती सदरा आणि घरी आल्यावर आधी आंघोळ. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू देत नाही, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती आमच्याकडे खरी आहे.

सकाळी शेतावर चतुर किडे इतके असतात की तो त्यांना 'विमानां' म्हणतो. यांच्यातली एक जात ऑक्टोबरपासून मालदीवच्या बेटांवर थव्यांनी उतरते आणि तिथून समुद्रावरून आफ्रिकेपर्यंत जाते, असं संशोधक मानतात. हे त्याला सांगितलं तर त्याने हात हलवून त्यांना टाटा केला.

नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडायचं असतं, डाव्या पायाने. दोन वर्षं तो घाबरून आजीच्या पदरात तोंड खुपसायचा. गेल्या वर्षी स्वतः पुढे झाला. टाच आपटली, कारीट निसटून घरंगळत गेलं, दुसऱ्यांदा फुटलं. कडू रस जिभेला लावला तसं तोंड वाकडं केलं आणि लगेच गूळपोह्यांची वाटी ओढून घेतली. पोहे आमच्याच नव्या भाताचे होते. आपण ओरबाडलेले दाणे त्यात आहेत, अशी त्याची खात्री आहे. आम्हीही ती मोडत नाही.

यवतमाळ जिल्हा, नात, सव्वादोन वर्षं

मी आजी आहे, मुलीने लिहून दिलं आहे. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून भुलाबाई बसते. पोरी गाणी म्हणतात, नात मधे बसून टिपऱ्या आपटते. खाऊ ओळखायच्या वेळी डबा वाजवला की ती दर वेळी "केळं" म्हणते. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करतो. धांडे उभे धरून ठेवायचं काम तिचं. ती आपल्या मनाने सोडून देते, मखर पडतो, पुन्हा बांधतो. होऊ द्या उशीर, चंद्र काही पळून जात नाही.

पण खरा वेळ जातो कापसात. पहिल्या वेच्याचा कापूस घरी येतो तेव्हा मी वर्षाच्या वातींसाठी पायलीभर बाजूला काढते. बोंडाची वाळलेली टोकं टोचतात, म्हणून तिला बोंडं देत नाही, नुसता कापूस देते. एका पुंजक्यात पाच-सहा सरक्या असतात. बोटांनी चाचपायचं, कुठे टणक लागतं ते बघायचं आणि तिथून कापूस ओढून सरकी मोकळी करायची. ती डोळे मिटून चाचपते, कोणी शिकवलं कोण जाणे. सरकी सापडली की "सापली!" म्हणते आणि वाटीत टाकते, वाजली पाहिजे म्हणून वाटी पितळेची. एका बैठकीत पाच-सहा सरक्या, मग उठून पळते. थांबवायचं नाही. परत येते.

माझ्या चारही लेकरांना मी दोन-अडीच वर्षं अंगावर पाजलं. नातीचं दूध आता तोडायचं म्हणून मुलगी घायकुतीला आली होती, कारण शेजारपाजारच्या बाया बोलतात. तिच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, दोन वर्षं आणि पुढेही पाजलं तरी चालतं, जागतिक आरोग्य संघटना तेच म्हणते. मी म्हटलं, मग बोलणाऱ्यांना बोलू दे. हिवाळा तोंडावर असताना कशाला तोडायचं?

कोल्हापूर, जुळे, अडीच वर्षं

थोडक्यात लिहिते, हातात वेळ नाही. सीताफळाची बी गिळली जाते, घशातही अडकते. आम्ही आठ दिवस रोज संध्याकाळी पायरीवर बसून फक्त बी थुंकायचा सराव केला. आधी मोठी फोड माझ्या हातातून, बी मी काढायची. मग 'जिभेवर धर, दाखव, टाक.' एकाला जमलं, दुसऱ्याला अजून गर काढूनच देते. दिवाळीच्या चिवड्यातले शेंगदाणे दोघांनाही नाहीत. पाहुणे प्रेमाने भरवायला जातात, तिथे भीड धरत नाही. आणि किल्ला परातीत करा, पोरांना हवा तसा चिखल करू द्या. वर मोहरी टाकली की तीन-चार दिवसांत हिरवळ येते. आमच्या किल्ल्याला बुरूज नाहीत, एक मोठं भोक आहे, त्यात दोघं हात घालून बसतात.

श्टुटगार्ट (जर्मनी), मुलगा, दोन वर्षं चार महिने

इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे येतात आणि मग दुपारी साडेचार-पाचलाच अंधारायला लागतं. पहिल्या वर्षी त्या अंधाराने मी खचले होते. मूल पहाटे चारला उठायचं, दिवसभर आम्ही घरात, दोघं चिडलेले. पाळणाघरातल्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, माचहोजे आणा. म्हणजे चिखलात बसायची रबरी विजार. पाऊस असो, थंडी असो, इथली मुलं बाहेर काढतातच. मी आठ दिवस मनातून कुढले आणि मग सुट्टीच्या दिवशी स्वतःही त्याच्याबरोबर बाहेर पडायला लागले. दोघांचीही झोप सुधारली.

आमच्या रस्त्यावर घोडचेस्टनटची झाडं आहेत. काटेरी कवच फुटून तांबूस, चकचकीत, तेल लावल्यासारखी फळं खाली पडतात. ती खायची नसतात, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. तो खिसे भरून आणतो, जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक ठेवत वर येतो आणि मी मागून गोळा करत येते.

अकरा नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस. मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला अडकवून अंधारात गात फिरतात. आमची दिवाळी त्याच्या आगेमागेच असते, म्हणून आकाशकंदील उतरवायचाच नाही असं ठरवलं. मिरवणुकीहून येताना लांबून आमच्या खिडकीतला कंदील दिसला तसा तो थांबला. आपला काठीवरचा कंदील वर उचलून त्याला दाखवला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. हात दुखेपर्यंत.

यवतमाळच्या आजी, तुम्हाला एक विचारते. इथे सरकीचा कापूस मिळत नाही, औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा मिळतो. त्याच्या वाती मुलाबरोबर करता येतील का? त्रिपुरी पौर्णिमेला लावायच्या आहेत.

यवतमाळ जिल्हा

येतील की. सरकी नाही, म्हणून चाचपायचं काम गेलं, पण पिंजायचं आहे ना. गुंडाळीचा कापूस दाबलेला असतो. त्याला म्हणावं, ढग कर. दोन्ही हातांनी ओढून ओढून मोकळा करू दे, खाली चादर अंथर. ढग झाला की तू त्यातून लांब पेळू ओढ आणि बोटाला दुधाचा थेंब लावून वळ. थेंब लावायचं काम त्याला दे. वाटी लहान घे आणि दूध अगदी तळाला ठेव, कारण पहिली वाटी तो पिऊन टाकेल.