आयोडीनच्या कॅप्सूल घेतल्यावर टीएसएच वाढला, आता मीठपण बंद करू का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले डोक्यात नुसता गोंधळ चाललाय म्हणून इथे विचारतेय. वय ३८. पाचेक महिन्यांपूर्वी केस खूप गळायला लागले, कंगव्यात पुंजकेच्या पुंजके यायचे आणि दुपार झाली की अंगात त्राणच राहायचं नाही. तेव्हा टीएसएच (थायरॉइडला काम कर म्हणून सांगणारं हार्मोन, थायरॉइड मंदावला की हे वाढतं) केला तर ३.१ आला, डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे, काळजी करू नका. पण आईला आणि मावशीला दोघींनाही थायरॉइड आहे त्यामुळे मला वाटत राहिलं की आपलाही नंबर लागणार, मग कुठेतरी व्हिडिओ बघितला की थायरॉइडला आयोडीन कमी पडतं म्हणून तो बिघडतो, आणि समुद्री शैवालाच्या म्हणजे केल्पच्या कॅप्सूल सुरू केल्या, मनाने. नैसर्गिक आहे, अपाय काय होणार असा विचार केला.

आता चार महिन्यांनी परत तपासलं तर टीएसएच ८.९! फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, नॉर्मलमध्ये आहे पण अगदी खालच्या टोकाला. मला हेच कळत नाहीये की ज्याच्यापासून थायरॉइड हार्मोन बनतं तेच जास्त दिलं तर हार्मोन कमी कसं होईल? आणि आता आयोडीनवालं मीठही बंद करायचं का? कॅप्सूल बंद केल्या तर हे आपोआप खाली येतं का कायमची गोळी लागणार? कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

उंबरठा

सांजवेळताई, तुमची पोस्ट वाचताना अंगावर काटा आला कारण हे सगळं मी तीन वर्षांपूर्वी भोगलंय. मला हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते तो आजार, आहे हे मला माहीतच नव्हतं, मी थकव्यासाठी आयोडीनचे थेंब घेत होते, ग्लासभर पाण्यात चार थेंब, रोज सकाळी. दोन महिन्यात आवाज जड झाला, चेहरा सुजल्यासारखा, आणि मला वाटायचं अजून आयोडीन कमी पडतंय म्हणून मी चारचे सहा थेंब केले. त्रास वाढला की डोस वाढवायचा, डोस वाढवला की त्रास वाढायचा. शेवटी टीएसएच २६ आला तेव्हा कुठे डॉक्टरांनी विचारलं की बाहेरचं काही घेता का, आणि मी बाटली पर्समधून काढून दाखवली. आधीच्या दोन डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि मीपण सांगितलं नव्हतं, कारण ते औषध आहे असं मला वाटतच नव्हतं.

त्यामुळे पहिली गोष्ट, अँटी-टीपीओ करून घ्या, थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटीबॉडीज रक्तात आहेत का ते त्यात कळतं. घरात दोघींना थायरॉइड आहे म्हणजे तुमच्यातही त्या अँटीबॉडीज असायची शक्यता बरीच आहे आणि अशा लोकांना जास्तीचं आयोडीन पचत नाही. दुसरी, तुम्ही एकूण किती आयोडीन घेत होतात ते जरा मोजून इथे लिहा, नुसत्या कॅप्सूलचं नाही, सगळ्याचं.

सांजवेळ

थँक्यू ताई, आता सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून बसलेय. केल्पच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ६५० मायक्रोग्रॅम लिहिलंय, पण मागे बारीक अक्षरात आहे की एक सर्व्हिंग म्हणजे २ कॅप्सूल. मी सकाळी २ आणि रात्री २ घेत होते, म्हणजे १३०० झाले. केसांसाठीची वेगळी गोळी आहे, तिच्यात बायोटिन (एक जीवनसत्त्व) १०,००० मायक्रोग्रॅम आणि शेवटच्या ओळीत आयोडीन १५०, हे मी आज पहिल्यांदा वाचलं. आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये अजून १५०. म्हणजे १६०० मायक्रोग्रॅम रोज, जेवणातलं सोडून. हे खूप आहे का?

निरंतर

हो, खूप आहे. मी एंडोक्रायनॉलॉजीत काम करतो, इथून निदान करता येत नाही पण यंत्रणा नीट समजावून सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या डॉक्टरांशी बोलताना सोपं जाईल.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. वरची सुरक्षित मर्यादा अमेरिकेत ११०० धरतात, युरोपात तर ६००च. आणि ही मर्यादा धडधाकट थायरॉइड असलेल्यांसाठी आहे, ज्यांच्या ग्रंथीत आधीच काही बिघाड आहे त्यांना याच्या आतही त्रास होऊ शकतो. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन तर सरळ सांगते की दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन देणारी सप्लिमेंट्स घेऊ नका, केल्पसकट.

आता तुमचा मूळ प्रश्न, जो फार योग्य आहे. टी४च्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, टी३मध्ये ३. मग कच्चा माल भरपूर आला तर माल जास्त निघायला हवा ना? पण शरीराने इथे एक कुलूप लावून ठेवलंय. रक्तात आयोडीन एकदम वाढलं की ग्रंथी ते हार्मोनमध्ये जोडायचंच काही काळ थांबवते, नाहीतर एका वेळच्या जास्तीच्या आयोडीनने माणसाच्या अंगात हार्मोनचा पूर आला असता. १९४८ मध्ये वुल्फ आणि चायकॉफ यांनी हे उंदरांमध्ये दाखवलं, म्हणून त्याला वुल्फ-चायकॉफ इफेक्ट म्हणतात. निरोगी माणसात हे कुलूप काही दिवसांत उघडतं, कारण पेशी आयोडीन आत ओढणारे पंपच कमी करतात, आतलं आयोडीन उतरतं आणि काम परत चालू होतं. जास्तीचं आयोडीन चालू असूनही बहुतेक लोकांचा टीएसएच ठीक राहतो तो यामुळे.

ज्यांना हाशिमोटो आहे, बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येऊन गेलीय, रेडिओआयोडीन (थायरॉइडच्या उपचारातलं किरणोत्सारी आयोडीन) घेऊन झालंय किंवा अर्धी ग्रंथी काढलीय, त्यांच्यात ही सुटका नीट होत नाही. कुलूप लागतं आणि लागलेलंच राहतं. हार्मोन कमी पडतं, मेंदूतून टीएसएच वाढतो. तुमचं बहुधा हेच झालंय. शिवाय दीर्घकाळ जास्त आयोडीनने अँटीबॉडीजचा हा त्रासही वाढताना दिसतो. चीनमध्ये आयोडीनचं प्रमाण वेगवेगळं असलेल्या तीन भागांतल्या लोकांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आयोडीन जिथे जास्त तिथे ऑटोइम्यून थायरॉइडायटिस (हाशिमोटोसारखी अँटीबॉडीजची सूज) आणि तुमच्यासारखा सौम्य हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड मंद पडणं, जास्त सापडला.

मीठ मात्र बंद करू नका, कृपा करून. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस किलोला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम आयोडीनची आहे, म्हणजे ५ ग्रॅम मिठातून १०० ते २०० मायक्रोग्रॅम, बरोबर गरजेइतकं. तुमचा त्रास त्या १६००चा आहे. मीठ बंद करून कमतरतेकडे गेलात तर गलगंड आणि परत हायपोथायरॉइड, दुसऱ्या दाराने तिथेच.

आणि एक, ते बायोटिन. १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन घेऊन रक्त दिलंत तर बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दाखवतो. म्हणजे तुमचा खरा टीएसएच ८.९च्या वरही असू शकेल. पुढच्या टेस्टच्या आधी किमान २ दिवस, जमलं तर जास्तच, ती गोळी बंद ठेवा आणि डॉक्टरांना ती घेत होतात हे सांगा.

कणखर

निरंतर साहेब, मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी दीड वर्ष रोज १२ मिलिग्रॅम घेतोय, मायक्रो नाही, मिलि. मला काहीही झालेलं नाही, उलट उत्साह वाढलाय. आणि कमतरता आहे का हे घरीच कळतं, हातावर टिंक्चर आयोडीनचा डाग लावायचा, २४ तासांच्या आत उडाला तर शरीराने तो शोषून घेतला म्हणजे कमी आहे. माझा ५ तासांत उडाला होता. आणि जगात सगळ्यात जास्त शैवाल खाणारे लोक सगळ्यात जास्त जगतात, त्याचं काय?

निरंतर

राग अजिबात नाही, पण ही टेस्ट माणसांना नको त्या डोसकडे ढकलते म्हणून स्पष्ट लिहितो. त्वचेवरचं आयोडीन मुख्यतः हवेत उडून जातं. खोलीतली ऊब, घाम, कातडीची जाडी, किती दाट लावलं, यावर डाग किती टिकेल ते ठरतं, थायरॉइडचा संबंध नाही. एका माणसाची आयोडीनची पातळी खात्रीने सांगणारी सोपी घरगुती टेस्ट नाहीच. लघवीतलं आयोडीनसुद्धा रोज इतकं वरखाली होतं की एका नमुन्यावरून एका व्यक्तीबद्दल काही सांगता येत नाही, ते लोकसंख्येची सरासरी बघायला वापरतात.

तुम्हाला त्रास झाला नाही याचा मला आनंद आहे, तुमची ग्रंथी त्या कुलपातून सुटू शकतेय. पण १२ मिलिग्रॅम म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम, गरजेच्या ८० पट. शेवटचा टीएसएच कधी केलात? दीड वर्षात केला नसेल तर या आठवड्यात करा, मनापासून सांगतोय. आणि शैवाल भरपूर खाणाऱ्या किनाऱ्यांवर गलगंडही दिसलाय, जपानच्या होक्काइडोच्या किनारपट्टीवरचं तर १९६०च्या दशकातच नोंदलं गेलंय.

आणि आयोडीन जास्त झालं की थायरॉइड फक्त मंदावतो असं नाही. ज्यांच्या ग्रंथीत गाठी आहेत, त्यातल्या काही गाठी टीएसएचचं ऐकत नाहीत, स्वतःच्या मर्जीने हार्मोन बनवतात. त्यांना इतकी वर्षं कच्चा माल कमी मिळत होता म्हणून गप्प होत्या, भरपूर आयोडीन मिळालं की सुटतात. धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, झोप उडणं. वयस्कर माणसात हृदयाचे ठोके अनियमित होतात. टास्मानियात १९६६ मध्ये पावात आयोडीन घालायला लागले तेव्हा हायपरथायरॉइडच्या, म्हणजे थायरॉइड भडकल्याच्या, केसेस एकदम वाढल्या होत्या, मुख्यतः जुने गलगंड असलेल्यांमध्ये.

पायवाट

मधेच विचारतेय, माफ करा. माझ्या सासऱ्यांना हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन २०० चालू आहे वर्षभर. आता महिनाभर ते खूप बारीक झालेत, उकडतं उकडतं करतात, पंख्याखालून हलत नाहीत. आम्हाला वाटलं वयामुळे. त्यात आयोडीन असतं असं आत्ता कुठेतरी वाचलं, बंद करू का गोळी?

निरंतर

गोळी स्वतःहून बंद करू नका, पण उद्याच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, टीएसएच आणि फ्री टी४, फ्री टी३ करून घ्या. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली किंवा नाडी फार जोरात चालली तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या. अमिओडारोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळजवळ ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, त्यातलं रोज ६-७ मिलिग्रॅम सुटं होतं. त्याने थायरॉइड मंदावू शकतो किंवा भडकू शकतो, दोन्ही बघितलंय. भडकण्यातही दोन प्रकार आहेत, एकात ग्रंथी जास्त हार्मोन बनवते आणि दुसऱ्यात पेशींना इजा होऊन साठलेलं हार्मोन बाहेर सांडतं, उपचार वेगळे आहेत म्हणून तज्ज्ञाला दाखवणं भाग आहे. आणि हे औषध शरीरात महिनोन् महिने राहतं, आज बंद केलं तरी आयोडीन लगेच जात नाही. पुढेमागे कधी सीटी स्कॅनसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलं जाणारं द्रव्य) द्यायची वेळ आली तर थायरॉइडचा इतिहास आधी सांगा, त्यातही आयोडीन खूप असतं.

चांदणवेल

हा धागा वाचून माझी झोप उडाली. मी १४ आठवड्यांची प्रेग्नंट आहे आणि माझ्या रोजच्या गोळीत आयोडीन १५० आहे. बंद करू का??

उंबरठा

नको नको, चांदणवेल, तू अजिबात बंद करू नकोस गं. माझ्या प्रेग्नन्सीत डॉक्टरांनी हेच समजावलं होतं, त्या काळात गरज वाढते, दिवसाला साधारण २५० लागतं, बाळाचा मेंदू घडायला ते हवंच. १५०ची गोळी बरोबर आहे. फक्त तिच्यावर केल्प, थेंब, केसांच्या गोळ्या असं काही चढवू नकोस.

निरंतर

उंबरठा यांनी बरोबर सांगितलंय. पोटातल्या बाळाची ग्रंथी ते कुलूप उघडायला जवळजवळ नऊ महिने भरत आल्यावरच शिकते, त्यामुळे आईने फार मोठे डोस घेतले तर बाळाला गलगंड किंवा हायपोथायरॉइड होऊ शकतो. पण १५०चा त्याच्याशी काही संबंध नाही. निवांत झोप.

सांजवेळ

आज नऊ आठवड्यांनी परत लिहितेय, कारण असे धागे अर्धवट सोडलेले वाचताना मला फार चुटपुट लागते. केल्प आणि केसांची गोळी त्याच रात्री बंद केली, मल्टिव्हिटॅमिन बिनआयोडीनचं घेतलं, मीठ तेच ठेवलं. डॉक्टरांना तिन्ही बाटल्या नेऊन दाखवल्या, त्यांनी एकेक लेबल वाचलं आणि म्हणाले लगेच गोळी सुरू करत नाही, आठ आठवडे थांबून बघू. काल रिपोर्ट आला, टीएसएच ४.४, फ्री टी४ सुधारलाय. अँटी-टीपीओ मात्र पॉझिटिव्ह आलंय, चांगलंच जास्त. म्हणजे उंबरठाताई तुमचा अंदाज खरा ठरला. आता तीन महिन्यांनी परत टेस्ट आहे, पुढे कधीतरी गोळी लागू शकते असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. केस अजून गळतातच, त्यासाठी आता फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला दिलंय.

कणखर, तुम्ही टेस्ट केलीत का?

कणखर

केली. टीएसएच ७.२. थेंब बंद केलेत, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जातोय.