क्लोनाझेपाम उतरवणं आणि झोपेची सीबीटी: आधी काय, नंतर काय?

प्रश्न (विचारणारा ‘तळटीप’):

चिंताविकार आणि निद्रानाश सोबत असलेल्या रुग्णांबद्दल विचारतो आहे. नेहमीचं चित्र असं: सकाळी एस्सिटालोप्राम १० मि.ग्रॅ. (चिंता-नैराश्याची रोजची गोळी, एसएसआरआय गटातली), रात्री क्लोनाझेपाम ०.५ मि.ग्रॅ. (शांत करणारी, झोप आणणारी, बेंझोडायझेपिन गटातली). रात्रीची गोळी ‘दोन-तीन आठवड्यांपुरती’ म्हणून सुरू झालेली, ती सात-आठ महिने लांबलेली. दिवसाची चिंता बरीच आटोक्यात, पण गोळीशिवाय डोळा लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ गोळी उतरवायला तयार असतात, वर्तनोपचाराची बाजू समुपदेशकाकडे असते. तर क्रम काय ठेवावा? आधी सीबीटी (झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारा वर्तनोपचार) आणि मग उतरण (गोळीचा डोस टप्प्याटप्प्याने कमी करणं), की गोळी गेल्याशिवाय सीबीटीचा परिणाम खरा कळतच नाही? शिवाय अंथरुणातला वेळ कापला की पहिल्या आठवड्यात चिंता उसळते, ती कशी हाताळावी?

प्रतिसाद १ (पहाटवारा):

आधी सीबीटी, मग उतरण. दोन्हींत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा. एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या तर बिघडलेली रात्र कुणाच्या खात्यावर टाकायची हे कळत नाही, आणि रुग्ण ती हमखास ‘गोळी कमी केली म्हणून’ याच खात्यावर टाकतो.

सीबीटी चालू असताना गोळी मात्र स्थिर हवी: तोच डोस, घड्याळाच्या त्याच वेळी. ‘बघू, झोप नाही आली तर घेऊ’ हा प्रकार सगळ्यात महागात पडतो. त्यात तासभर तळमळण्याचं बक्षीस म्हणून गोळी मिळते, आणि मेंदू नेमकं तेच शिकतो. घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे सकाळीच ठरलेलं असावं. रात्री निर्णय नाही.

आता चौकट, म्हणजे अंथरुणात घालवायचा ठरलेला वेळ. किमान एक आठवडा, शक्यतो दोन, झोपेची नोंदवही भरून घ्या. समजा रुग्ण ११ ते ७ अंथरुणात असतो, म्हणजे ८ तास, आणि सरासरी झोप साडेपाच तास. साडेपाच भागिले आठ, म्हणजे कार्यक्षमता ६९ टक्के. उठण्याची वेळ आधी ठरवा, उदाहरणार्थ साडेसहा, आणि तिथून साडेपाच तास मागे मोजा: अंथरुणात जायचं रात्री १ वाजता. झोप कितीही कमी भरली तरी चौकट ५ तासांच्या खाली नेऊ नका. दर आठवड्याला कार्यक्षमतेची सरासरी काढायची. ८५ टक्क्यांच्या वर गेली तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कापा. मधे असेल तर हात लावू नका. (काही जण वाढवण्यासाठी ९० टक्क्यांचा उंबरठा धरतात. चिंताग्रस्त रुग्णाला तो जाचक होतो, ८५ पुरे.)

गोष्टी बिघडतात त्या ठरलेल्या जागी. सुट्टीच्या दिवशी दोन तास उशिरा उठणं, जेवणानंतरची ‘जराशी’ डुलकी, आणि थकवा व पेंग यांतला गोंधळ. अंग आंबलं म्हणजे झोप आली असं नाही. पापण्या जड होणं, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणं, मान कलणं, ही पेंग. ती आल्यावरच अंथरुण. १५-२० मिनिटं झोप लागली नाही तर उठायचं खरं, पण अंदाजाने. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, नाहीतर रुग्ण ती वीस मिनिटंच मोजत पडतो.

पहिले दोन आठवडे दिवसा पेंग वाढणार, हे आधीच सांगा. वाहन आणि यंत्रं चालवणाऱ्यांना विशेष. बायपोलर, अपस्मार (फिट येणं) किंवा झोपेत चालण्याचा इतिहास असेल तर ही कापाकापी करू नका. झोप तोडल्याने उन्माद किंवा झटका येऊ शकतो.

प्रतिसाद २ (अर्धी गोळी):

क्रमाशी सहमत. एक भर: वय साठीच्या पुढे असेल, रात्री लघवीला उठावं लागत असेल, तर एकदम ८ वरून साडेपाचवर आणू नका. दर आठवड्याला अंथरुणातला अर्धा तास कमी करत जा. परिणाम हळू येतो, पण अर्धवट झोपेत पडून हाड मोडण्यापेक्षा बरा. क्लोनाझेपामने तोल आधीच ढळलेला असतो.

उतरणीचं. ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५, मग बंद. कागदावर प्रत्येक पायरी सारखीच १२५ मायक्रोग्रॅमची. पण हाती असलेल्या डोसच्या हिशेबाने पहिली घट २५ टक्क्यांची, दुसरी ३३ ची, तिसरी ५० ची. म्हणून गाडी शेवटच्या टप्प्यावर अडते आणि लोक म्हणतात ‘पाव गोळीपर्यंत आलो, पुढे जमत नाही’. सुरुवातीला दोन आठवड्यांची पायरी चालते, शेवटच्या दोन पायऱ्यांना प्रत्येकी तीन-चार आठवडे द्या. त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबा, वर चढू नका. पायऱ्या अर्थात औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. गोळी अचानक बंद करणं कुणालाच नको. त्यातून झटके (फिट) येऊ शकतात.

दुसरं म्हणजे क्लोनाझेपामचा अर्धायुकाल (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे ३०-४० तासांचा आहे. डोस कमी केल्यावर पहिल्या दोन रात्री ठीक जातात आणि चौथ्या-पाचव्या रात्री झोप उडते. रुग्णाला वाटतं आजार परतला. हे आधी सांगितलेलं असेल तर निम्मी घबराट टळते. अल्प्राझोलाममध्ये (याच गटातली दुसरी गोळी) हा काळ साधारण ११ तासांचा, त्यामुळे त्रास त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी दिसतो. म्हणूनच अल्प्राझोलाम एक दिवसाआड घेऊन सोडवायचा प्रयत्न करू नये, प्रत्येक सुटलेल्या दिवशी औषध तुटल्याचा त्रास थोडा होतोच.

आणि ज्या महिन्यात एस्सिटालोप्राम सुरू झालं किंवा वाढवलं, त्या महिन्यात बेंझोडायझेपिनला हात लावू नका. पहिले एक-दोन आठवडे एस्सिटालोप्रामनेच अस्वस्थता वाढू शकते, झोपही चाळवते. नीट परिणाम कळायला त्याच डोसवर चार ते सहा आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णात या सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायचं, आडून नाही.

तळटीप:

दोघांचेही आभार. बऱ्याच जणांची ‘क्लोनाझेपाम जातंय तर बदली काहीतरी द्या’ अशी मागणी असते. मेलाटोनिन, हायड्रॉक्सिझिन (अ‍ॅलर्जीचं, गुंगी आणणारं औषध), ट्राझोडोन (नैराश्याचं औषध)? आणि चिंतेचा प्रश्न राहिलाच.

प्रतिसाद ३ (पहाटवारा):

बदलीची घाई नको. मेलाटोनिन शरीराचं घड्याळ हलवतं, गुंगी आणत नाही. ज्याची झोप मुळात उशिराच येते त्याला उपयोगी, क्लोनाझेपामची जागा घ्यायला नाही. हायड्रॉक्सिझिनचा गुंगी आणणारा परिणाम सवयीने बोथट होतो, वयस्करांत त्याने गोंधळ उडू शकतो. ट्राझोडोन झोपेसाठी सर्रास दिलं जातं, पण त्याचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही.

त्याआधी पाहायचं ते हे: मोठं घोरणं, श्वास अडकून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर आधी स्लीप अप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची) तपासणी. बेंझोडायझेपिनने तो बिघडतो. संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहसाठा दाखवणारी रक्तचाचणी) बघा. या त्रासात एसएसआरआय, मिर्टाझापिन (नैराश्याचं औषध) आणि झोप आणणारी अँटिहिस्टामिन्स (अ‍ॅलर्जीची औषधं) सगळीच आगीत तेल ओततात. अशा रुग्णाला ‘गोळी सोडवत नाही’ असं म्हणणं अन्याय आहे, त्याचा निद्रानाश वेगळाच आहे.

चिंतेसाठी दिवसातला वेळ बांधून द्या: २० मिनिटं, खुर्चीत, वहीसह, झोपेच्या किमान दोन तास आधी. दोन रकाने. डावीकडे काळजी, उजवीकडे तिचं उद्याचं पहिलं पाऊल, किंवा ‘माझ्या हातात नाही’. रात्री तीच काळजी आली तर ‘वहीत आहे, उद्या सहाला’ एवढंच. पहिले काही दिवस हे खोटं वाटतं. उद्या सहाला खरंच वही उघडली तरच मेंदू विश्वास ठेवायला लागतो, हे विसरलं जातं आणि मग पद्धतीला नावं ठेवली जातात.

धडधड, चक्कर यांचीच भीती असेल तर ती लक्षणं मुद्दाम आणून सराव करून घ्या: एक मिनिट जागेवर धावणं, बारीक नळीतून श्वास, खुर्चीत गोल फिरणं. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास नाही ना, हे आधी विचारून. पण खिशात ‘गरज पडली तर’ म्हणून अल्प्राझोलाम ठेवून केलेला सराव फुकट जातो. श्रेय गोळीला मिळतं, न घेताही.

शिथिलीकरण (अंग सैल सोडण्याचा सराव) दुपारी शिकवा. अंथरुणात ‘आता झोप यावी’ म्हणून केलं तर तीही एक परीक्षाच होते, आणि दर पाच मिनिटांनी निकाल बघितला जातो. मनगटावरच्या झोप मोजणाऱ्या पट्ट्याचंही तेच. गाढ झोपेचे त्याचे आकडे ढोबळ असतात. सीबीटीचे सहा-आठ आठवडे तो काढून ठेवायला सांगा.